गोळी चौथ्या महिन्यात, कणा चौथ्या आठवड्यात

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री आणि लोक स्वास्थ्य व चिकित्सा शिक्षण विभाग, मध्य प्रदेश शासन,
मुख्य चिकित्सा व स्वास्थ्य अधिकारी, इंदूर जिल्हा,
आणि शहरातले सर्व स्त्रीरोगतज्ज्ञ व सोनोग्राफी करणारे डॉक्टर यांस,

सादर नमस्कार.

गेल्या ९ तारखेला मी इथल्या एका शासकीय आरोग्य केंद्रात सकाळी साडेनऊपासून बसले होते. सोबत आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंची सून होती. एकवीस वर्षांची, पहिलटकरीण, अडीच महिने झालेले. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी व्हावी म्हणून २०१६ साली केंद्र सरकारनं योजना सुरू केली, ती चांगलीच आहे. मुलीचं वजन झालं, बीपी झालं, बोटातून रक्त घेऊन हिमोग्लोबिन बघितलं. नर्सबाई भल्या होत्या. समोर एवढी रांग असूनही कुणावर खेकसल्या नाहीत. मी फोलिक अ‍ॅसिडची गोळी मागितली, बाळाची पाठ नीट मिटावी म्हणून देतात ते जीवनसत्त्व. त्या म्हणाल्या, "वो अभी खतम है दीदी, चौथे महीने से लाल वाली मिलेगी ना." सोनोग्राफीचं विचारलं, तर म्हणाल्या सातव्या महिन्यात करून घ्या, आत्ता काय दिसणार.

ती पोरगी मान हलवून उठली. मला उठवेना. ही दोन उत्तरं मी नऊ वर्षांपूर्वी, वेगळ्या शब्दांत, एसी लावलेल्या खासगी दवाखान्यात ऐकली होती.

हेच पत्र हिंदीत लिहून, पोच घेऊन, कार्यालयात दिलं आहे. इथे मराठीत यासाठी लिहिते आहे की या शहरात आपली मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांतल्या लेकी-सुना हे वाचतील. आणि ज्या डॉक्टरांना उद्देशून हे आहे, त्यांतलेही कितीतरी जण घरी मराठीच बोलतात.

माझी थोरली लेक २०१७ मध्ये जन्मली. तिला स्पायना बायफिडा आहे, त्यातला मायलोमेनिंगोसील नावाचा गंभीर प्रकार. पाठीच्या खालच्या भागात मणके मिटलेच नव्हते, आणि त्या उघड्या जागेतून मज्जारज्जू बाहेर आला होता. मी शिकलेली, नोकरी करणारी, शहरात राहणारी बाई. तारीख चुकल्यावर घरी तपासणी केली, सगळ्यांना सांगायची थोडी लाज, थोडी धाकधूक, म्हणून डॉक्टरांकडे गेले ते जवळजवळ पाच आठवड्यांनी. त्याच दिवशी फोलिक अ‍ॅसिड सुरू झालं. मी एकही गोळी चुकवली नाही. ती गोळी माझ्या बाळाच्या पाठीसाठी उशिरा आली आहे, हे मला कुणी सांगितलं नाही.

बाराव्या आठवड्यात सोनोग्राफी आणि डबल मार्कर ही रक्ततपासणी झाली. २,२०० रुपये भरले, रिपोर्टवर 'लो रिस्क' आलं, सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. एकोणिसाव्या आठवड्यात मोठी सोनोग्राफी झाली. त्या रिपोर्टची तीन पानं माझ्याकडे अजून आहेत, घडीवर फाटायला आलीत. दुसऱ्या पानावर मधोमध एक ओळ आहे: 'फीटल स्पाइन सबऑप्टिमली व्हिज्युअलाइज्ड ड्यू टू फीटल पोझिशन.' म्हणजे बाळ जसं झोपलं होतं त्यामुळे पाठीचा कणा नीट दिसला नाही. त्याच पानावर सेरिबेलमच्या, म्हणजे लहान मेंदूच्या मापापुढची जागा कोरी आहे. तिसऱ्या पानावर ठळक अक्षरांत, कुठलंही व्यंग दिसलं नाही. आमच्या डॉक्टर मॅडमनी तिसरं पान बघितलं आणि म्हणाल्या, सगळं छान आहे, पुढच्या महिन्यात या.

कणा दिसला नाही, तर दोन-चार दिवसांनी पुन्हा या, एवढं वाक्य कुणी बोललं असतं तर? मी हा प्रश्न इतक्या रात्री उगाळला आहे की आता त्याचा राग उरलेला नाही. पण तो विचारायचा थांबवणार नाही.

ती रात्री जन्मली, सिझेरियननं. मी शुद्धीवर होते, आणि खोलीत एकदम सगळे गप्प झाले एवढंच कळलं. पाठीवर लिंबाएवढी पिशवी होती. वरची कातडी इतकी पातळ, की आतलं पाणी दिसत होतं. सिस्टरांनी सलाइनमध्ये भिजवलेलं गॉझ त्यावर ठेवलं, तिला पालथं घातलं आणि तशीच उचलून नेली. तिथे न्यूरोसर्जन नव्हते. दुसऱ्या ठिकाणी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात खाट नव्हती. तिसऱ्या ठिकाणी घेतलं. तोवर पहाट झाली होती, आणि माझे मिस्टर अँब्युलन्समध्ये दर थोड्या वेळानं त्या गॉझवर सलाइन शिंपडत बसले होते. सुकू द्यायचं नाही, एवढीच सूचना त्यांना होती. तिसऱ्या दिवशी पाठ शिवली. बाराव्या दिवशी डोक्यात साठणारं पाणी पोटात उतरवायला शंट नावाची नळी घातली. मी तिला पहिल्यांदा मांडीवर घेतलं ते सतराव्या दिवशी, आणि तेही पालथंच.

आता ती आठ वर्षांची आहे. दोन्ही पायांना कॅलिपर लावून चालते, गणितात हुशार आहे, आणि तिच्या धाकट्या भावाला तिच्याशिवाय जेवण जात नाही. लघवीवर तिचा ताबा नाही. दर चार तासांनी नळी घालून मूत्राशय रिकामं करावं लागतं, नाहीतर मूत्रपिंडं खराब होतात. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. दहाची वेळ शाळेत येते. रोज ऑफिसातून अर्धा तास सुटका घेऊन मी स्कूटरनं शाळेत जाते. तिथे कडी लागेल अशी एक जागा मिळायला मला दीड वर्ष अर्ज करावे लागले. वाढदिवसांना ती फुगे असलेल्या खोलीत जात नाही, कारण अशा मुलांना फुग्यांतल्या रबराची, लॅटेक्सची, अ‍ॅलर्जी होण्याची भीती असते. ती हे स्वतःच समजावून सांगते, न लाजता.

माझं मूल मला नको होतं, असा अर्थ या पत्रातून कुणी काढू नये. मला वेळेत समजलं असतं तर मी काय ठरवलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही. पण तिला ठेवायचंच ठरवलं असतं, तरी ती न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयात, दिवस ठरवून, तयारीनं जन्मली असती. पहाटेपर्यंत ओलं गॉझ घेऊन तिला शहरभर फिरावं लागलं नसतं. आणि ठरवण्याचा हक्क आमचा होता. तो एका न वाचलेल्या ओळीत गेला.

जे मला नंतर, वाचून आणि विचारून कळलं, ते आधी इथे लिहिते, कारण माझ्या तक्रारी त्यावर उभ्या आहेत.

गर्भ अगदी तिळाएवढा असतो तेव्हा त्याच्या पाठीवरची एक चपटी पट्टी दोन्ही कडांनी वर येते आणि नळीसारखी मिटते. तिला न्यूरल ट्यूब म्हणतात. वरच्या टोकाचा पुढे मेंदू होतो, बाकीचीचा मज्जारज्जू. वरचं टोक उघडं राहिलं तर मेंदूचा आणि कवटीचा मोठा भाग घडतच नाही. तो अ‍ॅनेन्सेफली, त्यातलं बाळ जगत नाही. खाली उघडं राहिलं तर स्पायना बायफिडा. हे मिटणं गर्भधारणेपासून साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत पूर्ण होतं. डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात, त्या हिशेबात सहा आठवडे. म्हणजे तारीख चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कितीतरी बायकांना तोवर दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं.

माझ्या एका आत्याबाई तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "ग्रहणात विळीवर बसली असेल." पाचव्या महिन्यात ग्रहण होतं, आणि मी खरंच भाजी चिरली होती. ते वाक्य मी दोन वर्षं मनात धरून होते. आज ज्या कुणाला असं ऐकवलं गेलं असेल तिला माझं सांगणं आहे: पाचव्या महिन्यात तू काही कर, काही करू नको, ती पाठ पहिल्या महिन्यातच मिटायची असते. नेमकं एक कारण बहुतेक वेळा सापडत नाही. घराण्याचा काही भाग असतो, आईच्या शरीरात फोलेट, म्हणजे हेच जीवनसत्त्व, कमी असण्याचा असतो, आधीपासूनचा मधुमेह, फिट्‌सवर देतात ते व्हॅल्प्रोएट हे औषध, यांनी धोका वाढतो. यात विळी कुठेच नाही. आणि अशी बहुतेक बाळं ज्या घरांत जन्मतात तिथे आधी कुणालाच हा आजार नसतो.

गोळीचा उपयोग होतो, हे १९९१ मध्येच सिद्ध झालं. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं सात देशांतल्या ३३ केंद्रांत १,८१७ बायकांवर अभ्यास केला. सगळ्यांना आधी असं मूल झालेलं होतं. ज्यांनी गर्भधारणेआधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फोलिक अ‍ॅसिड घेतलं, त्यांच्यात पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. आधी असं काही न झालेल्या बाईला रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं, पण तेही गर्भधारणेआधीपासून. अमेरिकेनं १९९८ पासून पिठातच फोलिक अ‍ॅसिड मिसळणं सक्तीचं केलं. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य सभेनं स्पायना बायफिडाचं नाव घेऊन ठराव केला. आपल्या देशात झालेल्या अभ्यासांच्या एकत्रित हिशेबात न्यूरल ट्यूबच्या सगळ्या दोषांचं प्रमाण हजार जन्मांमागे चारच्या आसपास निघालं आहे. चार हा आकडा लहान वाटत असेल, तर एका मोठ्या प्रसूतिगृहाची वर्षभराची नोंदवही उघडून मनात गुणाकार करून बघावा.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी. आपली सगळी व्यवस्था बाईचं गरोदरपणाचं कार्ड निघाल्यावर जागी होते. नियमात पहिल्या तीन महिन्यांसाठी ४०० मायक्रोग्रॅमची गोळी लिहिलेली आहे, चौथ्या महिन्यापासून लोह आणि फोलिकची लाल गोळी. पण पहिल्या तीन महिन्यांतली गोळी मिळायला आधी नाव नोंदवायला हवं, आणि नाव नोंदवेपर्यंत सहा आठवडे केव्हाच उलटून जातात. ती लाल गोळी रक्तासाठी लागतेच, मी तिच्या विरुद्ध नाही. पण तिनं पाठ मिटत नाही. विशीपासून पन्नाशीपर्यंतच्या बायकांना आठवड्यातून एक गोळी द्यायची असं 'अ‍ॅनिमिया मुक्त भारत'च्या कागदावर आहे. तिच्यात फोलिक अ‍ॅसिड ५०० मायक्रोग्रॅम असतं, आठवड्याला. जागतिक आरोग्य संघटनेनं आठवड्याच्या गोळीसाठी सुचवलेलं प्रमाण २,८०० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे जी गोळी लग्न झालेल्या, मूल होऊ इच्छिणाऱ्या बाईपर्यंत आधी पोचू शकते, ती या कामासाठी तोकडी आहे, आणि ती तरी किती घरांत पोचते हे आपल्या आशा दीदींना विचारा.

रेशनच्या तांदळात फोलिक अ‍ॅसिड मिसळतात, असं मला एका बैठकीत सांगण्यात आलं. बरोबर आहे, त्याचं प्रमाण ठरलेलं आहे, किलोला ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम. पाव किलो तांदळाचा भात एकटीनं खाल्ला तरी पोटात जातात वीस-तीस. हवेत चारशे. आणि आपण माळव्यातली माणसं पोळीवर जगणारी. गहू निवडून, डब्यात घालून चक्कीवर दळून आणतो. त्या चक्कीत फोलिक अ‍ॅसिड कोण टाकणार? म्हणून इथे तरी गोळीला पर्याय नाही.

दुसरी तक्रार शहरातल्या डॉक्टरांकडे. डबल मार्करमध्ये पाठीची तपासणी होत नाही. ती डाउन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रांच्या दोषांचा अंदाज देते. हल्ली हजारो रुपये घेऊन आईच्या रक्तावरून करतात त्या एनआयपीटी तपासणीतही न्यूरल ट्यूब येत नाही. पाठीचा अंदाज देणारी रक्ततपासणी म्हणजे एएफपी, अल्फा फीटोप्रोटीन. ती पंधरा ते वीस आठवड्यांत करतात, क्वाड्रुपल टेस्टमध्ये ती असते. उघड्या पाठीतून हे प्रथिन गर्भजलात आणि आईच्या रक्तात जास्त उतरतं, हे १९७२ पासून माहीत होत गेलेलं शास्त्र आहे. हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा शंभरपट ठाऊक आहे. पण पैसे भरून 'लो रिस्क' वाचणाऱ्या आईला ते ठाऊक नसतं. तिला वाटतं बाळ तपासून झालं. मग ती मोठी सोनोग्राफी पुढे ढकलते, किंवा त्या रिपोर्टातली ओळ तिला खटकत नाही. मला खटकली नाही. एक वाक्य सांगायला तुमचं अर्धं मिनिट जातं.

तिसरी त्या ओळीबद्दल. बाळ नीट झोपलेलं नव्हतं, ही अडचण खरी असते. पण १९८६ पासून तुमच्या शास्त्रात दोन खुणा लिहिलेल्या आहेत: पाठ उघडी असली तर गर्भाचं डोकं पुढून दोन्ही बाजूंनी दबून लिंबासारखं दिसतं, आणि लहान मेंदू ओढला जाऊन केळ्यासारखा वाकडा. कणा दिसला नाही तरी डोकं सांगतं. माझ्या रिपोर्टात नेमकी लहान मेंदूचीच जागा कोरी होती.

दुसऱ्या खेपेला काय झालं तेही सांगते, म्हणजे हे या शहरात होऊच शकत नाही असं कुणी म्हणणार नाही. अठराव्या आठवड्यात मी दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेले. याही वेळी बाळ पाठ खाली करून पडलं होतं. त्यांनी मला जिना दोनदा उतरायला-चढायला लावला. थंड दूध प्यायला लावलं. एका कुशीवर, मग दुसऱ्या कुशीवर निजवलं. तासाभरानं बाळ वळलं, तेव्हा त्यांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवून मणका न् मणका दाखवला. मोत्यांची दुहेरी माळ असावी तसे ते दिसत होते. मी तिथेच रडले. त्या म्हणाल्या, रडून घ्या, मी थांबते. बाहेर दहा जणी ताटकळत होत्या, तरी.

चौथी तक्रार बोलायला अवघड आहे. सोनोग्राफीच्या खोलीत आईनं काही विचारायचंच नाही, असा रिवाज पडून गेला आहे. भिंतीवर लिंगपरीक्षण होत नसल्याची पाटी असते. ती असायलाच हवी, आणि १९९४ चा कायदा कडकच पाळला जायला हवा, माझ्या लेकीची आई म्हणून मी हे म्हणते. पण त्याच कायद्यानं जन्मजात व्यंग शोधण्यासाठी तपासणीला परवानगी दिली आहे. 'कणा दिसला का?' हा प्रश्न गुन्हा नाही. मला मात्र तेव्हा, विचारायच्या आत, "काही विचारू नका मॅडम" असं सांगितलं गेलं.

पाचवी, वेळेची. माझ्या वेळी गर्भपाताची कायदेशीर मुदत वीस आठवडे होती. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर दोष असेल तर दोन डॉक्टरांच्या मतानं ती चोवीसपर्यंत गेली, आणि त्यापुढेही वैद्यकीय मंडळ परवानगी देऊ शकतं. मंडळानं तीन दिवसांत मत द्यायचं, असं नियमात आहे. बोर्ड कुठे बसतं, अर्ज कुणाकडे द्यायचा, कुठले कागद लागतात, हे झाबुआ किंवा बडवानीहून रात्रीच्या बसनं आलेल्या बाईला कुठल्या भिंतीवर वाचायला मिळतं? आणि ज्यांना मूल ठेवायचं आहे त्यांच्यासाठीही वेळच महत्त्वाची. २०११ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात सव्वीस आठवड्यांच्या आत, बाळ पोटात असतानाच पाठ शिवली, त्यांतल्या ४० टक्के बाळांना वर्षभरात शंट घालावा लागला. जन्मानंतर शिवलेल्यांत हाच आकडा ८२ टक्के होता. अशी शस्त्रक्रिया सगळ्यांच्या आवाक्यातली नाही, हे मला कळतं. पण सातव्या महिन्यात सोनोग्राफी करा म्हटलं, की हे सगळेच रस्ते एकदम बंद होतात. गर्भारपणात चोवीस आठवड्यांच्या आत एक सोनोग्राफी व्हावी, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये सांगितलेलं आहे.

शेवटची तक्रार जन्मानंतरची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्यातल्या जन्मजात दोषांच्या यादीत पहिलं नाव न्यूरल ट्यूब डिफेक्टचं. तरी आम्हाला रुग्णालयातून घरी सोडताना जो कागद मिळाला, त्यात पुढच्या मुलाबद्दल एक अक्षर नव्हतं. एकदा असं मूल झालं की पुन्हा होण्याची शक्यता शंभरात दोन ते पाच असते, आणि पुढच्या वेळी साध्या गोळीऐवजी दसपटीहून जास्त ताकदीची, डॉक्टरांच्या सल्ल्यानं, गर्भधारणेच्या काही महिने आधीपासून घ्यायची असते, हे मला सांगितलं ते बडवानीच्या एका आईनं, फिजिओथेरपीच्या बाहेरच्या बाकावर. तिला ते तिच्या दुसऱ्या बाळानंतर कळलं होतं. तिची दोन्ही बाळं गेली. ५ मिलिग्रॅमची ती गोळी कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते, आणि तिची अख्खी पट्टी एका फळाच्या किमतीत येते. माझा मुलगा धडधाकट जन्मला तो त्या बाईमुळे. तिचं नावही मी विचारलं नाही.

माझ्या मागण्या अशा:

१. विवाह नोंदणीच्या वेळी, अंगणवाडीत आणि आशा दीदींच्या पिशवीत ४०० मायक्रोग्रॅमची फोलिक अ‍ॅसिडची गोळी असावी, आणि मूल हवं असलेल्या प्रत्येक बाईला ती कार्ड निघण्याची वाट न बघता मिळावी. आरोग्य केंद्रात साठा संपला, तर किती दिवसांत येणार हे फळ्यावर लिहावं.

२. आठवड्याच्या गोळीतलं फोलिक अ‍ॅसिड वाढवण्याचा प्रस्ताव राज्यानं केंद्राकडे पाठवावा.

३. प्रत्येक गरोदर बाईची अठरा ते वीस आठवड्यांत एक सोनोग्राफी शासकीय खर्चानं व्हावी. जिथे यंत्र किंवा तज्ज्ञ नाही, तिथून जिल्ह्याच्या ठिकाणी नेण्याची जबाबदारी केंद्राची असावी, तिच्या नवऱ्याच्या रोजंदारीची नव्हे.

४. कणा किंवा डोक्याचा मागचा भाग नीट दिसला नसेल, तर रिपोर्टाच्या पहिल्या पानावर हिंदीत, मोठ्या अक्षरांत, 'तपासणी अपुरी' असं लिहावं आणि पुढची तारीख तिथेच द्यावी. त्या दुसऱ्या फेरीचे पैसे घेऊ नयेत. ही मागणी खासगी केंद्रांनाही आहे, आणि शहरातले डॉक्टर सरकारी आदेशाची वाट न बघता ती उद्यापासून पाळू शकतात.

५. डबल मार्कर आणि एनआयपीटीच्या रिपोर्टवर 'या तपासणीत पाठीच्या कण्याचे दोष कळत नाहीत' अशी ओळ छापावी.

६. वैद्यकीय मंडळाची माहिती प्रत्येक प्रसूतिगृहात लावावी. दोष सापडलेल्या जोडप्याला निर्णयाआधी न्यूरोसर्जन आणि बालरोगतज्ज्ञ यांच्याशी निवांत बोलायला मिळावं, आणि ज्यांच्या घरी असं मूल वाढतं आहे अशा एखाद्या कुटुंबाशीही. मी स्वतः यासाठी केव्हाही यायला तयार आहे. कुणाला भीती घालणार नाही, आणि कुणाला गोडही बोलणार नाही.

७. महिन्यातून एक दिवस, एकाच इमारतीत, न्यूरोसर्जन, मूत्ररोगतज्ज्ञ, हाडांचे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट या मुलांसाठी बसावेत. आज आम्ही चार दिवस, चार रांगा लावतो. नळ्या मोफत मिळाव्यात. आणि घरी सोडण्याच्या कागदावर पुढच्या गर्भारपणाची सूचना असल्याशिवाय तो कागद पुरा मानू नये.

यांतली एकही गोष्ट नवी नाही, आणि बहुतेकींना फार पैसाही लागत नाही. ओला-सुका कचरा वेगळा करायला या शहरानं घराघरात जाऊन शिकवलं. सकाळी गाडीचं गाणं लागलं की आमच्या गल्लीतली पोरंसुद्धा डबे घेऊन धावतात. त्याच गाडीवरून लग्न झालेल्या पोरींना फोलिकच्या गोळीचं सांगता येईल, असं माझ्या मुलीनंच मला सुचवलं. मी ते इथे मागणी म्हणून लिहीत नाही, पण कळवते.

ताईंच्या सुनेला मी त्याच दिवशी दुकानातून गोळ्या घेऊन दिल्या. त्या आता पाठीसाठी उशिराच्या आहेत, हेही तिला सांगितलं, कारण माझ्यापासून ते लपवलं गेलं होतं. आणखी आठ आठवड्यांनी तिचे अठरा आठवडे पूर्ण होतील. त्या आठवड्यात तिची सोनोग्राफी कुठल्या शासकीय केंद्रात, किती वाजता होईल, हे मला लेखी कळवावं. पत्ता आणि फोन नंबर कार्यालयात दिलेल्या अर्जावर आहे.

आपली,
आठ वर्षांच्या एका मुलीची आई
सुदामा नगर, इंदूर